कर्णवेध आणि श्रवण : कानातील अलंकाराची एक सांस्कृतिक चिकित्सा

मनुष्याच्या शरीरावर संस्कृती आपली मुद्रा उमटवीत असते. कपाळ, गळा, मनगट, पाऊल यांपैकी कोणताही अवयव तिच्या हातून सुटलेला नाही. परंतु कानाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. आपल्या मराठी भाषेकडेच पाहावे. चुकलेल्याची कानउघाडणी होते, गुरू शिष्याला कानमंत्र देतो, कपटी माणूस दुसऱ्याचे कान फुंकतो आणि नकोसा उपदेश कानामागे टाकला जातो. सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाही, ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. कटू सत्य अधिकारी व्यक्तीने सांगितले की ते सोसवते, असा तिचा आशय. म्हणजे टोचणे आणि ऐकविणे या दोन क्रिया भाषेने एकाच अवयवावर आणून ठेवल्या आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन क्रियांमधील विरोध हा आहे.

हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. बाळीची आणि डुलांची चर्चा धम्माच्या नियतकालिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी पेण आणि रोहा परिसरातील आपल्याच घरांकडे पाहावे. १९५६ नंतर आपल्या घरांतील नामकरण, विवाह आणि अंत्यविधी त्रिशरण-पंचशीलाने होऊ लागले. पुरोहित गेला, मुहूर्त गेला. परंतु बाळाचे कान टोचण्याचा प्रसंग अनेक घरांत पूर्वीप्रमाणेच टिकून राहिला. कोठे तो बाराव्या दिवशी होतो, कोठे नामकरणाच्या दिवशीच वंदनेनंतर उरकला जातो. पूर्वी सोनार तार घेऊन घरी येत असे. आता पेठेतील दुकानात यंत्राने किंवा डॉक्टरांकडून कान टोचून घेतले जातात. साधन बदलले, पण कृतीचा अर्थ कोणी तपासला नाही. मुलीचे कान टोचलेच पाहिजेत याविषयी तर प्रश्नही विचारला जात नाही. जी गोष्ट प्रश्नाविना चालू राहते तीच चिकित्सेस सर्वाधिक पात्र असते.

सुई कोणत्या धातूची?

ब्राह्मणी परंपरेत कर्णवेध हा पुढे सोळा संस्कारांत गणला गेला. प्राचीन गृह्यसूत्रांपैकी बहुतेकांत त्याला स्थान नाही. तो उत्तरकालीन ग्रंथांतून स्थिरावला. प्रारंभी ती बालकाच्या रक्षणाची आणि शोभेची लौकिक कृती असावी, असे मानण्यास सुश्रुतसंहितेचा आधार मिळतो. सुश्रुताने रक्षण आणि भूषण ही दोनच प्रयोजने सांगितली आहेत. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधी टोचावा, असे तो म्हणतो. चुकीच्या जागी वेध झाल्यास वेदना, ज्वर आणि सूज येते, असा इशाराही तो देतो. त्याच अध्यायात फाटलेली कानाची पाळी पुन्हा जोडण्याच्या पंधरा पद्धती त्याने वर्णिल्या आहेत. जड अलंकारांनी कानांच्या पाळ्या किती वारंवार फाटत असल्या पाहिजेत, याचा हा वैद्यकीय पुरावाच होय.

या वैद्यकीय कृतीला संस्काराचे रूप मिळताच तिच्यात वर्ण शिरला. वीरमित्रोदय या निबंधग्रंथात बृहस्पतीच्या नावे एक विधान उद्धृत केलेले आहे. त्यानुसार राजपुत्राचे कान सोन्याच्या सुईने टोचावेत, ब्राह्मणाचे व वैश्याचे रुप्याच्या सुईने आणि शूद्राचे लोखंडाच्या सुईने. देवलाच्या नावे सांगितलेला दुसरा दंडक असा की, ज्या ब्राह्मणाच्या कानाच्या छिद्रातून सूर्यकिरण पार जात नाही, त्याच्या दर्शनानेही पुण्य नष्ट होते व त्याला श्राद्धात दान देऊ नये. वेदना सर्व बालकांना सारखीच होते. सुईच्या धातूने मात्र त्यांची पायरी ठरविली. ज्या वयात बालकाला स्वतःचे नावही उच्चारता येत नाही, त्या वयात त्याच्या कानावर त्याचा वर्ण लिहिला जात होता.

कान आणि धातू यांचा आणखी एक संबंध याच परंपरेत आहे. गौतम धर्मसूत्रात, वेदपठण ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत वितळलेले कथील व लाख ओतावी, अशी शिक्षा सांगितली आहे. (या सूत्राच्या कर्त्याचे तथागतांशी नावापलीकडे काहीही नाते नाही, हे वेगळे सांगावयास नको.) परमपूज्य बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात शूद्रांवरील निर्बंधांची मांडणी करताना अशा वचनांची दखल घेतली आहे. आता ही दोन वचने शेजारी ठेवून वाचावीत. एकाच्या कानाला सोने लावून त्याला श्रवणाचा अधिकार द्यावयाचा; दुसऱ्याचा कान लोखंडाने टोचावयाचा आणि त्याने ऐकण्याचे धाडस केलेच तर तो कथलाने बुजवावयाचा. कर्णवेध हा नुसता सुंदर कुलाचार आहे असे म्हणणाऱ्यांनी या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विचार केलेला नसतो.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने लोखंडाचे अलंकार घालावेत, असा नियम आहे. म्हणजे त्याला अलंकार नाकारला नव्हता. त्याला विशिष्ट अलंकार सक्तीचा होता. हा भेद महत्त्वाचा आहे. केवळ नाकारले असते तर तो उपेक्षित राहिला असता; सक्तीच्या अलंकाराने तो दुरून ओळखता आला. हा इतिहास फार जुना झाला असे समजण्याचेही कारण नाही. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या निबंधात बाबासाहेबांनी इंदूर जिल्ह्यातील बलाई समाजाचा वृत्तांत दिला आहे. १९२८ च्या सुमारास तेथील सवर्णांनी बलाईंवर जे नियम लादले, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, असा एक नियम होता. नियम न पाळणाऱ्यांचे पाणी तोडले गेले, गुरांना चरण्याची बंदी झाली, अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. स्त्रीच्या अंगावरील चिमूटभर चांदीला गावगाडा एवढा भीत होता. कारण ती चांदी खूण पुसून टाकीत होती.

महाडचा आदेश

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना केलेला उपदेश वाचावयास हवा. महाड आपल्याच जिल्ह्यातील. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबरला झाले होते. त्यानंतरच्या या भाषणात बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीइतकेच दागिन्यांविषयी सांगितले. गळ्यातील गळसऱ्यांचे थर आणि कोपरापर्यंत चढविलेले कथलाचे व चांदीचे दागिने ही अस्पृश्य म्हणून ओळखण्याची खूण आहे, ती टाकून द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. दागिना घालावयाचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. आणि दागिन्यांपेक्षा स्वच्छ वस्त्र अधिक शोभा देते, असेही त्यांनी समजावले.

या उपदेशाचे दोन चुकीचे अर्थ आपल्याकडे प्रचलित आहेत. एक असा की, बाबासाहेबांनी अलंकारच निषिद्ध ठरविले. दुसरा असा की, त्यांनी आपल्याला सोने घालावयास सांगितले, म्हणून जितके अधिक सोने तितकी अधिक प्रगती. दोन्ही अर्थ शब्द पाहतात, हेतू पाहत नाहीत. बाबासाहेबांचे लक्ष्य होते ती खूण. जो दागिना मनुष्याला त्याची पायरी सांगतो तो गुलामीचा. जो दागिना घालणे किंवा न घालणे स्वतःच्या हाती असते तो केवळ आवडीचा. महाडच्या मैदानावर अलंकाराची कसोटी अशी बदलली गेली. ब्राह्मणी शास्त्राने विचारले होते, हा अलंकार कोणाच्या वर्णाला शोभतो? बाबासाहेबांनी विचारले, हा अलंकार कोणी लादला?

कुड्याच्या लेण्यातील साक्ष

येथपर्यंतचे विवेचन ग्रंथांच्या आधारे झाले. आपल्या परिसरात दगडाची साक्षही उपलब्ध आहे. रोहे ज्या नदीच्या काठी वसले आहे तिचे नावच कुंडलिका. कुंडलाची आठवण करून देणारे. रोह्याच्या दक्षिणेस, पूर्वी माणगाव व आता तळा तालुक्यात, राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून कुड्याची लेणी कोरलेली आहेत. सुमारे २६ लेण्यांचा हा समूह इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, या भागात मांदव कुळातील महाभोजांची सत्ता असताना निर्माण झाला. दान देणाऱ्यांत राजकुळाखेरीज माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, उपासक वैद्याचा वैद्य असलेला मुलगा आहे आणि भिक्खुणीही आहे. लोखंड हा धातू चांडाळाची खूण म्हणून स्मृतीत आला. कुड्याच्या भिंतीवर लोखंडाचा व्यापार करणारा दाता म्हणून सन्मानाने नोंदला गेला. एवढा एक तपशीलही विचार करावयास पुरेसा आहे.

येथील ६ क्रमांकाचे लेणे कलादृष्ट्या सर्वांत संपन्न आहे. महाभोजाच्या सेवेतील शिवभूती नावाच्या लेखकाचे ते दान. त्याचा धाकटा भाऊ शिवम याने पत्नी विजया हिच्यासह त्यातील शिल्पकाम करविले. कुटुंबातील मुलींनी स्तंभांचे दान दिले आणि त्यांची नावे लेखात आली. या लेण्यात स्त्री-पुरुषांची भव्य दंपतीशिल्पे आहेत. सातवाहनकालीन रीतीप्रमाणे या आकृती ठसठशीत, प्रसन्न आणि सालंकृत आहेत. कानांतील जड भूषणे, हातांतील कंकणे, पायांतील वाळे यांत कोठेही संकोच नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दंपती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या शैलीची ओळख पटेल. विहाराच्या परिसरात, स्तूपाच्या सान्निध्यात, गृहस्थ जीवनाचे हे रूप भिक्खूसंघाने स्वीकारले होते.

त्याच लेण्यात पुढील काही शतकांनंतर, महायान काळात, बुद्धप्रतिमा कोरल्या गेल्या. येथे पाहणाऱ्याने कानांकडे लक्ष द्यावे. बुद्धांच्या कानांच्या पाळ्या लांब आहेत आणि रिकाम्या आहेत. सामान्यतः ही लांब पाळी भाग्याचे वा दैवी ज्ञानाचे चिन्ह म्हणून सांगितली जाते. महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत तिचा समावेश नाही; ऐंशी उपलक्षणांच्या यादीत मात्र पुष्ट व लांब कानांचा उल्लेख येतो. परंतु लक्षणशास्त्रापेक्षा साधे स्पष्टीकरण अधिक अर्थपूर्ण आहे. शाक्यकुळातील राजपुत्राने जड कुंडले घातली, त्यांच्या भाराने पाळी ओघळली आणि गृहत्यागाच्या वेळी कुंडले उतरली. छिद्र राहिले, सोने गेले. शिल्पकाराने तो त्याग मुकुट उतरवून दाखविला नाही. तो रिकाम्या पाळीत दाखविला.

म्हणून कुड्याचे ६ क्रमांकाचे लेणे हे आपल्या प्रश्नावरील एक समतोल भाष्य आहे. एकाच छताखाली भरलेले कान आहेत आणि रिकामे कानही आहेत. उपासकाला कोणी अपराधी ठरविलेले नाही. तथागतांना कोणी पुन्हा दागिन्यांनी मढविलेले नाही. अलंकार ही गृहस्थाची आवड आहे आणि त्याग हा प्रव्रजिताचा मार्ग आहे, हे दोन्ही भिंतींनी एकमेकींना न खोडता सांगितले आहे. या लेण्याची खरी सौंदर्यदृष्टी या सहवासात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पालि साहित्यातील कान

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात षड्वर्गीय भिक्खू कानांतील व गळ्यातील दागिने घालू लागल्याचा प्रसंग येतो. लोकांनी टीका केली की, हे तर कामभोगी गृहस्थांसारखे दिसतात. त्यावर भगवंतांनी भिक्खूंना ते दागिने निषिद्ध केले. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासकही माळ, गंध व अलंकार यांपासून विरत होतो. पंचशीलात मात्र असा नियम नाही. यावरून स्थिती स्पष्ट होते. धम्माने अलंकाराला पाप म्हटले नाही आणि संस्कारही म्हटले नाही. ज्याने स्वेच्छेने अधिक कठोर मार्ग घेतला त्याच्यापुरताच तो वर्ज्य आहे.

धम्मपदाच्या दुसऱ्या गाथेच्या अट्ठकथेत मट्ठकुंडलीची कथा आहे. त्याचा ब्राह्मण पिता अत्यंत कृपण होता. मुलासाठी कुंडले करावयाची तर सोनाराला मजुरी द्यावी लागेल, म्हणून त्याने स्वतःच सोने ठोकून गुळगुळीत कुंडले घडविली. पुढे मुलाला व्याधी जडली, तेव्हा वैद्याला द्रव्य द्यावे लागेल म्हणून पित्याने वैद्यही आणला नाही. मुलगा मरणोन्मुख झाला, तेव्हा भेटीस येणाऱ्यांना घरातील संपत्ती दिसू नये म्हणून त्याला बाहेरच्या ओसरीवर आणून ठेवले. तेथे त्याला भगवंतांचे दर्शन झाले आणि प्रसन्न चित्ताने त्याने प्राण सोडला. ही कथा भक्तीचे फल सांगण्यासाठी सांगितली जाते. तिच्यातील सामाजिक टीका मात्र दुर्लक्षित राहते. पित्याचे प्रेम कानापर्यंत पोहोचले, शरीरापर्यंत पोहोचले नाही. मुलाला सोने मिळाले, औषध मिळाले नाही.

आजच्या काळात ही कथा ऐकताना मन अस्वस्थ व्हावयास हवे. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला. अशा वेळी लग्नात मुलीच्या कानांत वेल आणि झुबे असलेच पाहिजेत म्हणून कर्ज काढणारी आणि तिच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची फी भरताना हात आखडणारी घरे आपल्या समाजात नाहीत, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय? मट्ठकुंडलीचा पिता ब्राह्मण होता, एवढे म्हणून आपली सुटका होणार नाही.

दुसरी कथा अवंतीच्या सोण कोटिकण्ण या स्थविरांची. कोटी मोलाचे कर्णभूषण घालीत म्हणून त्यांना हे नाव पडले, असे परंपरा सांगते. महाकच्चायनांजवळ त्यांनी धम्म ऐकला आणि प्रव्रज्या मागितली. अवंती-दक्षिणापथात भिक्खू इतके थोडे होते की, उपसंपदेसाठी दहा भिक्खूंचा संघ जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे ते जेतवनात गेले. तेथे भगवंतांसमोर त्यांनी अट्ठकवग्गाची सोळा सुत्ते म्हटली आणि भगवंतांनी त्यांची वाणी वाखाणली. त्यांच्या विनंतीवरून सीमावर्ती प्रदेशांत पाच भिक्खूंच्या संघाने उपसंपदा देण्याची मुभा मिळाली. ज्याच्या कानाचे मोल कोटी होते त्याची कीर्ती अखेर त्याने ऐकलेल्या आणि उच्चारलेल्या धम्मामुळे झाली. दक्षिणेत धम्म रुजण्याची वाट ज्यांनी सोपी केली त्यांत हा कोटिकर्ण आहे, हे कोकणातील उपासकाने विसरू नये.

येथे कानाचा बौद्ध अर्थ हाती येतो. धम्मात शिष्याला सावक म्हणजे ऐकणारा म्हणतात. विद्वानाला बहुस्सुत म्हणजे पुष्कळ ऐकलेला म्हणतात. बोधीनंतर भगवंतांनी धम्माचे दार ज्यांना कान आहेत त्या सर्वांसाठी उघडल्याचे घोषित केले; कोणत्या वर्णाचे कान, हे सांगितले नाही. महापरिनिब्बानापूर्वी आनंदांना ते म्हणाले की, तथागतांच्या ठायी आचार्याची बंद मूठ नाही. जेथे बंद मूठ नाही तेथे कानमंत्रही नाही. एका परंपरेने कान टोचले आणि बुजविले. दुसरीने कान उघडले. आपण कोणत्या परंपरेचे वारस आहोत, हा खरा प्रश्न आहे.

आजचे आचरण

काही मंडळी कर्णवेधाचे समर्थन आता विज्ञानाच्या भाषेत करतात. पाळीवरील विशिष्ट बिंदू टोचल्याने बुद्धी तल्लख होते, असे सांगितले जाते. सुश्रुताने अंत्रवृद्धीच्या उपचारात कानाजवळील शिरावेधाचा उल्लेख केला आहे हे खरे. पण बुद्धिवर्धनाचा दावा त्याच्या कर्णवेधविधीत नाही. आणि टोचल्याने बुद्धी वाढत असती तर शास्त्रकारांनी शूद्रासाठी लोखंडाची का होईना, पण सुई राखून ठेवली नसती. हा युक्तिवाद जुन्या संस्काराला दिलेला नवा मुलामा होय.

तरुणांमध्ये अलीकडे भिकबाळीची हौस वाढली आहे. पेणच्या गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्रभर नावाजलेल्या या परिसरात मूर्तीच्या कानीही ती चढते आणि तरुणाच्या कानीही. पेशवाईच्या काळात प्रतिष्ठितांच्या कानी दिसणारा हा दागिना आपल्या मुलांनी घालावा काय? येथे उतावळा निर्णय नको. महाडच्या स्त्रियांनी इतरांसारखे लुगडे नेसले ती नक्कल नव्हती. ते खूण पुसणे होते. आजही २०१७ साली गुजरातेतील लिंबोदरा गावात मिशा ठेवल्यावरून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या. जेथे बंदी आहे तेथे तो अलंकार घालणे हा हक्क बजावणे ठरते. पेणच्या बाजारपेठेत मात्र बौद्ध तरुणाला भिकबाळी घालण्यास कोणी अडवीत नाही. तेथे ती घालण्यात विद्रोह नाही आणि न घालण्यात हीनता नाही. आवड असेल तर घालावी; तिला संस्कृती म्हणू नये, इतकेच.

मुलीच्या कानांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. अजाण वयात तिच्या शरीरावर छिद्र करून आपण तिला सांगतो की, तुझे मुलगी असणे दागिन्याशिवाय अपुरे आहे. मुलाच्या बाबतीत हौस आणि मुलीच्या बाबतीत सक्ती, हा भेद पंचशीलाने चालणाऱ्या घराला शोभत नाही. तिला समज येऊ द्यावी. तिने मागितले तर स्वच्छ साधनाने, जाणत्या हाताने कान टोचून द्यावेत. कुडी, बुगडी, काप, जे तिला रुचेल ते तिने घालावे. तिने नको म्हटले तर तिच्या रिकाम्या कानांकडे पाहून आजी-मावशांनी हळहळू नये. तथागतांचे कानही रिकामेच आहेत.

विहारांतून होणाऱ्या नामकरण विधीत तरी कान टोचण्याला स्थान देऊ नये. ती घरगुती गोष्ट घरीच राहावी. त्याऐवजी बालकाच्या कानांवर पहिला मंगल शब्द त्रिशरणाचा पडावा, आणि आईवडिलांनी त्याच दिवशी त्याच्या शिक्षणासाठी काही रक्कम बाजूला ठेवावी. कुड्याच्या लेण्यातील त्या मुलींचे दागिने केव्हाच नाहीसे झाले. त्यांनी दिलेले स्तंभ आणि त्यावरून उरलेली त्यांची नावे आपण आजही वाचतो. आपल्या मुलींना वारशात काय द्यावयाचे, याचे उत्तर त्या दगडात कोरलेले आहे. ते ऐकणारे कान मात्र आपले असावयास हवेत.